अंगण आधीच वाकडं करणारे

परीक्षेच्या आठवडाभर आधी नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेरच्या चहाटपरीवर उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर पडतं : "यावेळी काही वाचलंच नाही बे." पास झाला तर हुशार, नापास झाला तर अभ्यास नव्हता. दोन्हीकडून अब्रू शाबूत.

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही नाच फसल्यावरची सबब. इथे माणूस आदल्या रात्री कुदळ घेऊन स्वतःच अंगण वाकडं करून ठेवतो. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना मुळात न सुटणारी कोडी दिली, तरी गुण छान पडल्याचं सांगितलं. पुढच्या फेरीआधी दोन औषधांतून एक निवडायचं होतं : एक डोकं तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं. आपल्याला यश का मिळालं हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे गेला. मिळालेलं कौतुक टिकवायचं होतं ना!

माझा मावसभाऊ दहावीपासून घराण्यातला 'हुशार'. यूपीएससीत खुल्या गटाला सहा प्रयत्न मिळतात. पूर्वपरीक्षेचा एक पेपर दिला तरी प्रयत्न धरला जातो. नुसता फॉर्म भरून गेलंच नाही तर नाही. पहिल्या वर्षी त्याने मित्राच्या लग्नाची सगळी धावपळ अंगावर घेतली. दुसऱ्या वर्षी पेपरच्या महिनाभर आधी खोली बदलली. तिसऱ्या वर्षी तो गेलाच नाही. प्रयत्न वाचला, वर्ष गेलं.

मावशी त्याला आळशी म्हणते. मला ते पटत नाही. आळशी माणूस लग्नात इतका राबत नाही. त्याला जपायचाय तो दहावीचा शिक्का, आणि तो जपायचा एकच मार्ग आहे : खरी परीक्षा होऊच द्यायची नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर मुद्दाम भार टाकतो, तो कुठे कोसळतो ते आधीच कळावं म्हणून. कोसळला तर दुरुस्त करता येतो. न तपासलेल्या सर्व्हरवर मात्र कोणी भरवसा ठेवत नाही, त्याचा मालकही नाही.

गेल्या महिन्यात धरमपेठेत भेटलो तेव्हा त्याला म्हटलं, "दादा, एक सराव पेपर दे. पूर्ण तयारीने, घड्याळ लावून. निकाल कोणाला सांगू नको."

बराच वेळ तो कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "अन् मन लावून देऊनही नाही जमलं त?"

इतक्या वर्षांत त्याने सबबीशिवाय बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.