सात पानांचा गुलाब

आज कापूस-मोसंबी बाजूला ठेवतो. गुलाबाचं लिहितो, कारण त्यात मी स्वतः माती खाल्ली.

आमच्या जुन्या विहिरीजवळ मायनं लावलेला गावरान गुलाब होता. गुलाबी, गच्च पाकळ्यांचा. फूल दोन दिवसांत गळायचं पण वास पार गोठ्यापर्यंत. माय गुलकंद करायची, पाकळ्या अन् साखर थरावर थर, बरणी उन्हात. ती गेली, झाड राहिलं.

२०१८ ला रोपवाटिकेतून कलमी गुलाब आणले. तिथल्या माणसानं सांगितलं, सात पानांचा फुटवा दिसला की जंगली समजा, बुडातून काढा. कलमापुरतं ते बरंचसं खरं. मोसंबीला जंबेरीचा खुंट असतो तसाच गुलाबालाही, डोळ्याच्या खालून फुटलं की ते खुंटाचं. मी कलमं साफ केली अन् तीच कात्री घेऊन विहिरीवर गेलो. मायच्या गुलाबाला खालून चांगले पाच-सहा फुटवे, काहींना सात पानं. सगळे काढले. जुनी लाकडं तेवढी ठेवली, ती उन्हाळ्यात वाळली.

आता ते झाड होतं काडीचं. डोळा भरलेलाच नव्हता, मग खुंट कुठला अन् जंगली फुटवा कुठला? मुळातून आलेला प्रत्येक फुटवा मायचाच गुलाब होता. हे मला दोन वर्षांनी उमगलं.

म्हणून सांगतो, नुसती पानं मोजू नका. गावरान गुलाबाला बहुतेक पाच असतात, जोमदार फुटव्यावर सातही येतात. देठाच्या बुडाशी दोन बारीक पंख असतात (पुस्तकात उपपर्ण म्हणतात), ते बघा. मल्टिफ्लोराचा खुंट असला तर त्यांना झालर असते, अन् फूल बारीक, पांढरं, झुबक्यानं. फुटवा निघाला कुठून तेही माती उकरून बघा. कलमाची गाठच नसली तर कात्री खिशात ठेवा.

बहीण गोदावरीपलीकडं शहागडच्या बाजूला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मायनं तिला ओल्या गोणपाटात काड्या बांधून दिल्या होत्या. मागच्या पौषात गेलो तर न्हाणीच्या पाण्यावर डोक्याएवढं झाड! "दादा, हा आपलाच की," म्हणली. वास घेतला, बोलायला काही राहिलं नाही. दमास्क गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो. हा थोडाथोडा वर्षभर फुलतो, म्हणून मला एडवर्ड वाटतो. चिनी गुलाब अन् दमास्कच्या संकराची ही जात, रियुनियन बेटावरची. मायला नुसता गुलाब माहीत होता.

पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब अकरा काड्या आणल्या. दोन भाग मातीत, एक भाग वर. चार जगल्या. मृग बरसला की विहिरीवर लावायच्या. परवा एकीला सात पानांचा फुटवा आला. पोरगं कात्री घेऊन निघालंच होतं.