मँचेस्टरचा पाऊस आणि पायांतले बूट

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मँचेस्टरमध्ये साधारण आठशे-नऊशे. आकडे पाहून कोकणातला माणूस हसेल. पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि त्याचं पाणी अंगाला बोचत नाही. मँचेस्टरचा पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत राहतो आणि डिसेंबरमध्ये तो चार-पाच अंश तापमानात पडतो. आपण पावसात प्लास्टिकची चप्पल घालतो. पाणी आत येतं, बाहेर जातं, घरी आल्यावर पाय पुसले की झालं. तिथे ही रीत चालत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. ओला पाय तासाभरात बधिर होतो.

आपाचा मुलगा तिथल्या विद्यापीठात शिकतो. डिसेंबरात त्याच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. विद्यापीठ ऑक्सफर्ड रोडवर आहे. तोच रस्ता पुढे विल्म्स्लो रोड होतो आणि रशोममधून जातो. कबाब, बिर्याणी आणि मिठाईच्या दुकानांमुळे या पट्ट्याला ‘करी माइल’ म्हणतात. या रस्त्याला सायकलींसाठी वेगळी वाट आहे. बसथांबा आला की ती थांब्याच्या मागून वळसा घेते, त्यामुळे बस आणि सायकल एकमेकांच्या आड येत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे फॅलोफील्ड लूप. हा जुना लोहमार्ग. प्रवासी गाड्या १९५८ मध्ये थांबल्या, मालगाड्या १९८८ मध्ये. आता रूळ नाहीत, झाडांच्या मधून जाणारी सुमारे तेरा किलोमीटरची वाट आहे. भाचा लेव्हनशुमला राहतो आणि संध्याकाळी चॉर्ल्टनच्या एका स्वयंपाकघरात काम करतो. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तासच काम करता येतं, त्यामुळे प्रत्येक पाउंड मोजून खर्च होतो आणि म्हणून सायकल. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. कुजलेली पानं, डबकी, अंधार यांतून तो रोज जातो-येतो.

त्याच्या पायांची बोटं लाल-जांभळी होऊन सुजली होती. खोलीत ऊब मिळाली की खाज सुटायची, आग व्हायची. तिथे याला चिलब्लेन्स म्हणतात. थंडीने आकसलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना अचानक ऊब मिळाली की असं होतं. पायात आपाने हौसेने घेऊन दिलेले चामड्याचे बूट होते, नेमक्या मापाचे, आणि आत दोन-दोन मोजे.

सायकलवर पाय इतके का गारठतात? चालताना तळवा वाकतो, बोटं हलतात, रक्त खेळतं. पेडलवर पाऊल जवळजवळ स्थिर राहतं. शिवाय हवा पाच अंशांवर असताना ताशी वीस किलोमीटर वेगाने गेलं, तर उघड्या कातडीला ती एक अंशासारखी लागते. थंडी वाजली की शरीर आतले अवयव जपण्यासाठी हातापायांचं रक्त कमी करतं. अशा वेळी घट्ट बुटात कोंबलेले दोन मोजे उरलंसुरलं रक्तही अडवतात. ऊब मोज्यांच्या संख्येत नसते, आत अडकलेल्या हवेत असते. म्हणून हिवाळी बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्यायचा, आत एकच जाड लोकरीचा मोजा घालायचा आणि बोटं मोकळी हलतात का ते पाहायचं. दुकानात संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

सायकलच्या दुकानात खास हिवाळी बूट पाहिले. घोट्याच्या वर जाणारे, गळ्याशी निओप्रीनची घट्ट पट्टी, आत गोरेटेक्ससारखा पडदा. या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पाण्याचा थेंब आत येत नाही. किंमत दीडशे ते अडीचशे पाउंड. दुकानदाराने मात्र आधी विचारलं, “पेडल कोणतं आहे?” पेडलला अडकणारी धातूची क्लीट असलेले बूट लांब पल्ल्याच्या स्वारांसाठी. त्या क्लीटमधून थंडी वर चढते आणि तिच्या स्क्रूच्या भोकांतून चाकाने उडवलेलं पाणी शिरतं. असे बूट घेणाऱ्याने आतून भोकांवर चिकटपट्टी लावावी आणि वर लोकरी सुकतळा घालावा.

भाच्याचं पेडल साधं, सपाट. त्याला डोंगर चढायला वापरतात तसे उंच गळ्याचे जलरोधक बूट पुरणार होते, निम्म्याहून कमी किमतीत. तळ खाचांचा हवा, कारण सिग्नलला पाय टेकतो तिथे बर्फाचा पातळ थर असू शकतो. बूट आधीपासूनच सैल असतील, तर त्यांच्यावर चढवायची निओप्रीनची खोळ तीस-चाळीस पाउंडात मिळते.

पाणी बहुतेक वेळा वरूनच शिरतं. पँट बुटात खोचली की पाणी ओघळून आत उतरतं, आणि जलरोधक बूट मग बादलीसारखा ते धरून ठेवतो. म्हणून पावसाळी पँट नेहमी बुटाच्या बाहेरून हवी. पुढच्या मडगार्डला खाली रबरी झालर लावली की चाकाचं पाणी पायावर उडत नाही. हा खर्च सगळ्यांत कमी आणि गुण मोठा.

घरी आल्यावर ओले बूट हीटरवर ठेवू नयेत. चामडं तडकतं, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत. गारठलेले पायही हीटरला लावू नयेत, कोरडे करून हळूहळू ऊबेत आणावेत. मधुमेह असणाऱ्यांनी तर अधिक जपावं. बधिर पायाला चटका कळत नाही.

नवे बूट आणि झालर लावल्यावर आठवड्याभरात भाच्याच्या बोटांची सूज उतरू लागली. आपाला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी पाठवलेल्या बुटांचं काय?” ते तो ईदला आणि पदवीदान समारंभाला घालणार आहे.

मुलं परदेशी निघाली की आपण बॅगेत इथल्या बाजारातले बूट कोंबतो. त्यांचे पैसे बाजूला ठेवून त्याच्या हाती द्यावेत. तिथल्या पावसाचे बूट तिथेच, जाड मोजा घालून, चार पावलं चालून पाहून घेतलेले बरे.