‘काय द्यायचं ते द्या’ म्हणू नका

आमच्या वस्तीतल्या एका पोराने चार महिने रात्री जागून एका खासगी क्लाससाठी हजेरी आणि फीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवलं. त्याची पहिलीच विक्री. किंमत किती सांगितलीस, असं विचारलं तर म्हणाला, "काय द्यायचं ते द्या म्हटलं."

मित्रांनो, हे वाक्य बलुत्याचं आहे. काम आपलं, पण मोल ठरवणार दुसराच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच व्यवस्थेविरुद्ध. पुढे वतनं गेली, पण किंमत सांगताना वाटणारा संकोच उरला.

कोणी म्हणेल, नवख्या माणसाने आधी ओळख मिळवावी, पैसा नंतर. पण पहिलं गिऱ्हाईक बहुधा ओळखीतून मिळतं आणि आपल्याकडे ओळखी जातीच्या वाटेने जातात. ज्याचा मामा कारखानदार आहे, त्याला एखादं काम फुकट करणं परवडतं. आपल्याला नाही. आपला आधार म्हणजे लेखी करार.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक तो लिहिणाराच असतो. लेखी सहीशिवाय ही मालकी दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून वापराचा परवाना विका, मालकी नको. म्हणजे तोच प्रोग्राम दुसऱ्या क्लासलाही विकता येईल. निम्मे पैसे आगाऊ घ्या. दुरुस्ती-देखभालीचा वार्षिक दर वेगळा लिहा.

आपल्या पुढच्या शिबिरात भाषणं एक तासाने कमी करू या आणि त्या तासात दरपत्रक आणि करार लिहायला शिकवू या.

जयभीम!