तिसऱ्या फेजचा आकडा

दीड ओहम मोजणं दीड लाख ओहम मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड. दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीचं वाइंडिंग एका फेजला साधारण तेवढंच भरतं, आणि मल्टिमीटरच्या वायरी स्वतःचे दोन-तीन दशांश त्यात मिसळून देतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ते दोन आकडे खरे मिळवण्यात माझी उमर गेली.

माझी पद्धत जुनीच आहे. मोटारीची सहाही टोकं मोकळी करायची, बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची, गाडीच्या हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा आणि बल्बचा उजेड स्थिरावेपर्यंत थांबायचं. व्होल्टमीटरच्या पिना बॅटरीच्या चिमट्यांवर टेकवायच्या नाहीत, थेट कॉइलच्या तांब्यावर टेकवायच्या. व्होल्टमीटर नावापुरताच करंट घेतो, म्हणून वायरीचा रोध हिशेबात शिरत नाही. बॅटरी सोडण्याआधी मीटर काढून घ्यायचा, नाहीतर कॉइल उलटा झटका देते.

गेल्या हिवाळ्यापासून काटा मला नीट दिसत नाही. आयटीआय करून आलेला एक पोरगा आता आकडे वाचतो आणि भागाकार मी करतो. एका मोटारीला ३.४ अँपिअर धरून त्याने तीन फेजचे व्होल्ट सांगितले: ५.१०, ५.०९, ४.९१. वर म्हणाला, "काका, तिन्ही पाचच धरा ना जी, काय फरक पडते?"

सगळा फरक तिथंच पडतो. पहिले दोन फेज दीड ओहमचे निघाले आणि तिसरा १.४४ चा. म्हणजे एक तर त्यात आटे कमी भरलेत, नाहीतर काही आटे आपसात चिकटलेत. मेगर हे पकडत नाही, कारण तो वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्शुलेशन तपासतो. चिकटलेले आटे चालू मोटारीत स्वतःतच प्रचंड करंट फिरवतात आणि कॉइल जळते. शेतकरी मग लाइनला शिव्या देतो. मी तो फेज उकलायला लावला. पोरगा तेव्हापासून दुसरा दशांश गिळत नाही.

त्यानेच पुढे विचारलं, ४१५ व्होल्टवर फेजमधून आठ अँपिअर जातात, तर भागाकार बावन्न का येतो? विचारलं याचा मला आनंद झाला. एसीवर तो बावन्न म्हणजे चुंबकाचा आणि फिरत्या भाराचा मिळून विरोध. तांब्याचा वाटा दीडच, पण मोटारीत जी उष्णता साचते, तिच्यात मोठा हिस्सा त्या दीडचा.

आणि तो दीडही दीड राहत नाही. तांब्याचा रोध अंशागणिक सुमारे ०.४ टक्के चढतो. जानेवारीत पहाटे १८ अंशांना दीड असलेली कॉइल अकोल्याच्या मे महिन्यात, ४४ अंशांना, चालू न करताच १.६५ दाखवते. म्हणून तापमानाशिवाय लिहिलेल्या ओहमला मी किंमत देत नाही. आता दर्यापूरकडच्या किंवा तेल्हाऱ्याकडच्या लांब लाइनीच्या शेवटच्या पंपाचा विचार करा. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळाले, की तेवढंच पाणी उचलायला मोटार आठाऐवजी पावणेदहा अँपिअरच्या आसपास ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तिन्ही फेज मिळून जिथं २९० वॅट जळत होते, तिथं मे महिन्यातल्या त्या १.६५ ओहमवर ४७० च्या वर जळतात, आणि चालू मोटार आणखी तापते ते वेगळंच. पारसच्या वीज केंद्रातून वीज उच्च दाबाने निघते ती याच वर्गाच्या भीतीने. २०१८ साली एक-दोन पंपांना एक छोटी डीपी देणारी एचव्हीडीएस योजना राज्यात आली, ती मला याच कारणाने मनापासून पटली.

मोटारी भरण्याच्या आमच्या धंद्याबद्दल मात्र मला तितकं बरं बोलवत नाही. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम भरणारे वाढलेत. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. वरून वार्निश मारलं की गिऱ्हाइकाला कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर थेट आगीत घालणारे. पत्र्यांमधला इन्शुलेशनचा थर जळतो आणि मोटार रिकामी फिरतानाही जास्त करंट घेऊ लागते. तो बिघाड माझ्या बॅटरी-बल्बलाही दिसत नाही, याची मला चीड येते.

भरलेल्या मोटारीवर मी पांढऱ्या रंगाने तीन आकडे आणि तापमान लिहितो. त्याचा उपयोग आहेच, पण खरं सांगायचं तर त्यात मिरवणंही आहे. ती मोटार उद्या अमरावतीच्या कुठल्या दुकानात उघडली, तर तिथल्या कारागिराने तो आकडा वाचावा, स्वतः मोजून बघावा आणि तो जुळावा, अशी माझी इच्छा असते. शेतकरी बाकावर बसून बघत असले, की मी भागाकार मुद्दाम खडूने भिंतीवर करतो. मोबाइलवर करता येतो, पण भिंतीवर केला की चार माणसं वाचतात, आणि मला ते आवडतं.

शेतकऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मोटार भरून घरी न्याल तेव्हा पावतीवर तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची हे लिहून घ्या, आणि तिन्ही फेजचे ओहम दोन दशांशांपर्यंत, त्या दिवशीच्या तापमानासकट, लिहून मागा. दुकानदार मोजायला तयार नसेल, तर मोटार त्याच्याकडे टाकू नका.