वजन उतरवायचं, पण कशासाठी?

"डॉक्टर, कळतं सगळं, पण वळत नाही." पंचेचाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली, साखर काठावर आलेली माणसं माझ्यासमोर बसली की हे वाक्य येतंच. पुण्यात मधुमेहाची प्रॅक्टिस करताना ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. या मंडळींकडे माहितीची उणीव नसते. भात-साखर कमी करायची, रात्री लवकर जेवायचं, रोज चालायचं, हे तेच मला सांगतात. कुणी दिवसातून दोनदाच जेवून पाहिलेलं असतं, कुणी रात्रीचं जेवण सोडलेलं असतं, कुणी जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत जाणं थांबवलेलं असतं. त्यांना आता आणखी एक आहारतक्ता नको असतो. मन तयार होईल असं काहीतरी हवं असतं.

मधल्या वयात माणसाची इच्छाशक्ती संपते, हे मला मान्य नाही. जिने वीस वर्षं नोकरी, मुलं आणि सासूबाईंचं आजारपण एकहाती सांभाळलं, ज्याने घराच्या कर्जाचा हप्ता एकदाही चुकू दिला नाही, त्यांना निश्चय म्हणजे काय हे मी काय शिकवणार? अडतं ते दुसरीकडेच. वजन का उतरवायचं याचं त्यांच्याकडे असलेलं कारण बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असतं. आणि स्वतःचं कारण असलंच, तरी त्यासाठी दिवसात आणि घरात जागा नसते.

पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो उमेदच घालवतो. चाळिशीनंतर शरीराचा ऊर्जाखर्च मंदावतो, त्यामुळे काहीही केलं तरी वजन वाढणारच, असं जवळपास प्रत्येक जण मला सांगतो. २०२१ साली 'सायन्स'मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांची मोजमापं प्रसिद्ध केली. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळी वयं त्यात होती. शरीराचा आकार आणि त्यातलं चरबीचं प्रमाण हिशेबात घेतलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जाखर्च जवळजवळ सारखाच राहतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे पंचेचाळिशीत शरीर हरलेलं नसतं. बदललेलं असतं आयुष्य. बढतीबरोबर खुर्ची येते, स्कूटरच्या जागी गाडी येते, झोप तुटते, आई-वडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. वापर नसल्याने स्नायू उतरतात. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. वर्षाला अर्धा किलो वाढलं तर कुणाच्याच लक्षात येत नाही, पण वीस वर्षांत त्याचे दहा किलो होतात.

पोटाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघं शेजारी-शेजारी असलेलं स्वतःचंच छायाचित्र छापलं होतं. वजन आणि उंची यांवरून काढलेला बीएमआय दोघांचाही नेमका २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची सडपातळ दिसणारी माणसंही आतून किती चरबी बाळगून असतात, हे त्या एका चित्राने जगाला सांगितलं, आणि ते पुण्यातून सांगितलं गेलं याचा मला अभिमान आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. टेप लावायचा तो पँट बांधतो तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सहज सोडून.

उतरवायचं किती, याचा आकडाही लोकांनी मनात फार मोठा करून ठेवलेला असतो. लग्नातला फोटो समोर धरून पंचवीस किलोंचा संकल्प सोडतात आणि तीन किलो उतरल्यावर नाउमेद होतात. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार आणि व्यायामाच्या गटाला उद्दिष्ट दिलं होतं सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीचं. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने साडेपाच किलो उतरवायचे. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनीच घटलं होतं. आहार-व्यायामाचा सर्वाधिक फायदा कुणाला झाला? साठी ओलांडलेल्यांना. वय झालं आता, म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर तसाच अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं उतरलेलंच नव्हतं! हे मला फार मोलाचं वाटतं. काट्यावर काही दिसत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांच्या शरीरात आतून बदल सुरू झालेला असू शकतो. काटा हा एकच साक्षीदार मानला, तर तो अनेकदा आपल्याविरुद्ध साक्ष देतो.

आता कारणाकडे येतो. आमच्या व्यवसायात माणसाला घाबरवायची जुनी सवय आहे. पाय कापावा लागेल, डोळे जातील, हार्ट अटॅक येईल. घरचे लाज आणतात. लग्नकार्यात मावशी भर मांडवात म्हणते, "अगंबाई, किती सुटलीस!" अशा भीतीवर आणि लाजेवर माणूस दोन-तीन आठवडे चालतो. मग भीती बोथट होते. लाज तर उलटंच काम करते. लाजलेला माणूस चारचौघांत चालायला जायचं टाळतो आणि एकटा असताना खातो.

याला एक अपवाद आहे. ज्यांनी भरपूर वजन उतरवून ते टिकवलं, अशा लोकांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. डॉक्टरी कारणामुळे, म्हणजे स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या आजारपणामुळे, ज्यांनी सुरुवात केली त्यांचं वजन जास्त उतरलं आणि जास्त काळ उतरलेलं राहिलं, असं तिथे आढळलं. धाकट्या भावाची अँजिओप्लास्टी झाली की मोठा भाऊ खरोखर हलतो, हे मीही पाहतो. पण तो धक्का त्याचा स्वतःचा असतो, मी दिलेला नसतो. आणि त्या धक्क्यालाही लवकर कुठेतरी जोडून द्यावं लागतं, नाहीतर तोही विरतो.

जोडायचं कसं, यासाठी विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची संवादाची एक पद्धत मी वापरतो. दारू सोडवण्याच्या उपचारांतून ती आली. त्यामागचा विचार असा, की माणसाला पटतं ते त्याने स्वतःच्या तोंडून काढलेलं कारण. डॉक्टरने सुनावलेलं कारण तो फक्त ऐकून घेतो. एक शिक्षिका आल्या होत्या, वय एक्कावन्न. मी विचारलं, "शून्य ते दहामध्ये, वजन उतरवणं तुम्हाला आज किती महत्त्वाचं वाटतं?"

"पाच."

"दोन का नाही म्हणालात?"

"आणखी जास्त का नाही" असं विचारलं असतं, तर त्यांनी मला वजन न उतरवण्याची कारणं दिली असती. या प्रश्नावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, डॉक्टर. वर पोचले की थोडा वेळ मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. धाप लागलेली मुलांना दिसू नये म्हणून."

कारण तिथेच मिळालं. त्यानंतर आम्ही किलोंबद्दल फार बोललोच नाही. वर पोचल्याबरोबर हजेरी घेता आली पाहिजे, एवढंच ठरवलं. आधी एक जिना न थांबता, मग दोन. आठ-नऊ महिन्यांत त्यांचं वजन साडेचार किलोंनी उतरलं, कंबर त्याहून चांगली उतरली. पण मला दाखवायला त्या काट्यावर उभ्या राहिल्या नाहीत. "आता थेट हजेरी," एवढंच सांगून हसल्या.

निवृत्तीला आलेल्या एका एसटी कंडक्टरांना आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचं होतं. अडीचशे किलोमीटर, आणि त्यात सासवडच्या आधी दिवे घाटाची चढण. सहा महिने आधीपासून ते पहाटे पर्वती चढू लागले. दुसऱ्या एकीला आईसारखं गुडघ्याचं ऑपरेशन नको होतं. तिला मी सांगितलं, की एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तिशीत माणूस दिसण्यासाठी वजन उतरवतो आणि ते चालूनही जातं. पन्नाशीत ते कारण पुरत नाही. शरीराकडून आपल्याला नेमकं कोणतं काम करून हवं आहे, हे या वयात विचारावं लागतं. असं काम सापडलेल्या माणसाला पाच-सहा महिन्यांनी वजन उतरायचं थांबलं, आणि ते थांबतंच, तरी रोज उठण्याचं कारण शिल्लक असतं.

आता घराकडे. हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला आम्ही सांगतो, "रोज पाऊण तास चाला." तिची सकाळ कुणी पाहिली आहे का? पाणी भरायचं, डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलाची वेगळी पोळी-भाजी, मग आठ बावीसची बस. रात्री सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते आणि पातेल्यातलं उरलेलं अन्न टाकवत नाही म्हणून खाते. ती म्हणते, "मला प्रेरणा मिळत नाही." तिला प्रेरणेची गरज नाही. तिला पाऊण तास हवा आहे, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायचा आहे.

म्हणून मी पुढच्या भेटीला नवऱ्याला किंवा मुलांना बोलावतो आणि कामं वाटून देतो. आठवड्यातल्या चार सकाळी चहा आणि डबे नवरा बघेल. उरलेलं अन्न लगेच फ्रीजमध्ये जाईल. "आईचं डाएट" असा वेगळा स्वयंपाक होणार नाही, सगळे तेच जेवतील. मग तेलाचा हिशेब मांडतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज चाळीस मिलिलिटर होतं, म्हणजे नुसत्या तेलातून सुमारे साडेतीनशे कॅलरी. तास-दीड तास चालून जेमतेम तेवढ्या खर्च होतात. ते तेल अडीच-तीन लिटरवर आणलं, तर कुणाच्याही पानातला एक पदार्थ कमी न करता मोठं काम होतं. भाकरी, उसळ, ताक, कोशिंबीर हे जेवण कुठल्याही परदेशी आहारपद्धतीहून कमी नाही, आणि उसळ-अंडी स्नायूंसाठी हवीतच. त्याला जोड द्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याची. जिमची गरज नाही.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज विचारणा होते. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांना मी ती मनापासून देतो, त्यात कमीपणा काहीच नाही. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. भूक औषध आवरतं. तिसऱ्या मजल्यावर कशासाठी चढायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शेजारी फराळाचं ताट असेल. चकली खा, करंजी खा. सवय कशी लागते याचा लंडनमध्ये २०१० साली एक अभ्यास झाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, असंही दिसलं. तेव्हा दिवाळीच्या चार दिवसांचं पाप मोजत बसू नका आणि भाऊबीजेनंतर कडक उपासही करू नका. कंबर मोजा. शरीराकडून करून हवं असलेलं एक काम कागदावर लिहा. तो कागद घरातल्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून वेळ मागून घ्या. घरातलं कुणी असा कागद घेऊन तुमच्याकडे आलं, तर तो वेळ द्या. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी किंवा चालणं वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटून डोस बदलून घ्या. तसं न केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.