दणकेबाज पोरं आणि एक जुनं खोड

बेसबॉल दिसला की आपल्यातले निम्मे लोक चॅनल बदलतात. मीही बदलायचो. पण २०१४ साली ऑनसाइटला शिकागोत गेलो आणि क्रिकेटचा रतीबच बंद झाला! मग निमूटपणे रिगली फील्डची वाट धरली. तिथली टीम कब्ज. १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, २०१२ मध्ये तर १६२ पैकी १०१ मॅच हरलेली. अशी टीम आपल्याला लगेच जवळची वाटते, नाही का?

त्यांचा बॉस थिओ एपस्टीन. गडी हिशेबी. तरुण पिचरचं कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून पिचर शक्यतो बाहेरून आणायचे आणि दणकेबाज बॅटर घरी वाढवायचे. नवोदितांच्या ड्राफ्टमधून २०१३ ला क्रिस ब्रायंट उचलला, २०१४ ला काइल श्वार्बर. अँथनी रिझोला २०१२ मध्येच दुसऱ्या टीमकडून आणलेलं. हावियर बाएझ आधीच्या मंडळींनी निवडलेला.

ही पोरं होम रन ठोकायची, म्हणजे आपली सिक्सरच. पण तेवढ्याच उत्साहाने हवेतही बॅट फिरवायची. तीन स्ट्राइक झाल्या की गुमान परत. बाएझने २०१४ मध्ये पदार्पणाच्या मॅचमध्येच बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारला. आणि त्या सीझनचा हिशेब? ५२ मॅचेस, ९ होम रन, ९५ स्ट्राइकआऊट! एप्रिल २०१५ मध्ये ब्रायंट पहिली मॅच खेळला तेव्हा तीनदा स्ट्राइकआऊट झाला. मी ऑफिसात चोरून स्कोअर बघत होतो. शेजारच्या डेस्कवरचे साठीतले गृहस्थ मात्र शांत. ‘‘घाबरून नाही ना आऊट झाला? मग खेळू दे,’’ म्हणाले.

कब्जनी खेळू दिलं. त्या वर्षी ब्रायंटचे १९९ स्ट्राइकआऊट झाले, लीगमध्ये सर्वाधिक. आणि सर्वोत्तम नवोदितही तोच! २०१६ मध्ये स्ट्राइकआऊट १५४ वर आले, होम रन ३९ झाले आणि तो लीगचा एमव्हीपी ठरला.

त्याच नोव्हेंबरात क्लीव्हलँडला सातवी, निर्णायक मॅच. नऊ इनिंगनंतर ६-६, वर पाऊस. दहाव्या इनिंगमध्ये समोरच्यांनी रिझोला मुद्दाम फुकट बेस दिला. त्याचा दणका नकोच, म्हणून! त्याच्यामागे होता बेन झोब्रिस्ट. वय ३५. होम रनसाठी नाही, तर बॉलला हमखास बॅट लावण्यासाठी नावाजलेला. त्याने डावीकडे लाइनला चिकटून बॉल काढला, कब्जची आघाडी, अखेर ८-७. १०८ वर्षांनी कप! मालिकेचा एमव्हीपी झोब्रिस्ट.

मला वाटतं, सगळं गणित त्या एका ओळीत होतं. दणकेबाज पोरांची दहशत हवीच. पण त्यांच्या पाठीमागे असं एक जुनं खोडही लागतं. पुढे ती टीम पुन्हा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली नाही. २०२१ च्या जुलैत रिझो, ब्रायंट, बाएझ तिघंही दुसऱ्या टीम्सकडे गेले.

आता पुण्यात माझ्या हाताखाली सात जण आहेत, त्यातले पाच पंचविशीच्या आतले. परवा अप्रेझलच्या मीटिंगमध्ये त्यातल्या एकीला प्रोजेक्टवरून काढायचा विषय निघाला. पोरगी भन्नाट कोड लिहिते, पण दर दोन रिलीजला काहीतरी मोडून ठेवते. मी म्हटलं, काढू नका, तिच्या शेजारी तो चाळिशीतला कंटाळवाणा टेस्टर बसवा. वरिष्ठांनी तीन महिने दिलेत. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती जपून खेळायला लागेल, आणि जपून खेळणारे माझ्याकडे आधीच भरपूर आहेत!