पानात डावं-उजवं

घराची खिडकी गवंडी एकदा बसवतो आणि ती जन्मभर तिथे राहते. संगणकाच्या खिडक्या मात्र रोज सकाळी नव्याने बसवाव्या लागतात. निवृत्तीनंतर मी आईची जुनी पत्रं टाइप करायला घेतली आहेत. एका खिडकीत पत्राचा फोटो, दुसरीत माझं टायपिंग, तिसरीत मोल्सवर्थचा कोश. एक ओढावी तर दुसरी तिच्याखाली दडते. चाळीतल्या खोलीत दहा पाहुणे निजवावेत, तशी कसरत. त्यात अर्धा चहा गार होतो.

हा सारा स्वातंत्र्याचा परिणाम. 1985 साली ‘विंडोज’ची पहिली आवृत्ती आली, तेव्हा खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत, एकीला दुसरीवर चढायची मुभा नव्हती. 1987च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मिळाली आणि घरोघरी पसारा झाला. 2009 साली ‘विंडोज 7’ने खिडकी कडेला नेली की ती अर्धा पडदा व्यापेल अशी सोय केली. पण नेणार कोण? आपणच!

शेवटी भाचा म्हणाला, “मामा, हे रोज हाताने कशाला करता?” त्याने ‘ऑटोहॉटकी’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घातला आणि चार ओळी लिहिल्या. माझा पडदा 1920 ठिपके रुंद, 1080 ठिपके उंच. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. प्रत्येक खिडकीला चार आकडे : डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. पत्राला 0, 0, 960, 1080. म्हणजे डावा अर्धा पडदा आईचा. उरलेल्या अर्ध्यात वर मी, खाली मोल्सवर्थ.

“यात नवं ते काय?” सौ. म्हणाली. “पानात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. आम्ही हे धपाटे खाऊन शिकलो. तुमच्या यंत्राला आकडे लागतात!”

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. मी आणि मोल्सवर्थ जागेवर. आई मात्र कुठेतरी मागे. भाच्याने खिडकी नावावरून ओळखायला सांगितली होती. मी पुढचं पत्र उघडलं, फाइलचं नाव बदललं, म्हणून खिडकीचंही बदललं, आणि यंत्राने आईला ओळखलंच नाही. मग त्याने नावाऐवजी घराणं विचारायला शिकवलं : ही खिडकी कुठल्या प्रोग्रॅमची? तेव्हापासून रोज सकाळी एका बटणासरशी आईचं अक्षर डाव्या हाताला हजर होतं. ते शोधावं लागत नाही, एवढ्यानेच दिवसाला एखादं पत्र जास्त होतं. अजून ट्रंकभर आहेत, आणि शाई तर दरवर्षी फिकी होते आहे.

परवा भाच्याने विचारलं, “ताईच्या व्हिडिओ-कॉलची खिडकीही एखाद्या कोपऱ्यात बसवून देऊ? ती एकदम सगळ्यांच्या अंगावर येते.”

मी म्हटलं, “नको. माहेरवाशीण आहे ती. ती आली की बाकीच्यांनी सरकायचं.”